सेलचा दिवा

मिक्सर लावला की माझी धाकटी लेक दोन्ही कानांवर हात दाबून न्हाणीघरात जाऊन बसते. आणि आमच्या भिंतीला भिंत लागून यंत्रमागांचा कारखाना आहे. दिवसभर त्याचा खडखडाट चालतो, आलेल्या पाहुण्याला आमच्या घरात ओरडून बोलावं लागतं. त्याच भिंतीला गाल लावून ही पोरगी तासन्‌तास उभी असते. वीज गेली, माग थांबले, की हिची चुळबुळ सुरू. आता हिला आवाज सोसतो की सोसत नाही? मला विचारू नका. मी तिची आई आहे, ती आता अठरा वर्षांची झाली, आणि माझ्याकडे फार तर एवढीच माहिती आहे की मिक्सर लावायच्या आधी तिला सांगावं लागतं.

ती स्वमग्न आहे. लहानपणी डॉक्टरांनी 'ऑटिझम' म्हणून सांगितलं तेव्हा तो शब्द मला घरी येईपर्यंत नीट आठवेना. मग ज्याला त्याला सांगत सुटले. जो तो म्हणायचा, "बोलंल की! पोरं उशिरा बोलत्यात." ह्या 'बोलंल की'चा मला इतका राग यायचा की एकदा शेजारणीच्या हातातला चहाचा कप मी अर्धा असतानाच काढून घेतला होता. ती बोलतेच आहे. पण तिचं बोलणं म्हणजे कुठंतरी ऐकलेलं वाक्य. माझं माहेर कुर्डुवाडीचं, त्यामुळे आमचा स्टेशनवर जाण्याचा राबता. तिथलं एक वाक्य तिनं उचललं. काही हवं असलं, काही दुखत असलं, कुणी तिची चादर उचलली, की ती घोषणा देणाऱ्या बाईच्याच आवाजात म्हणते, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे." मग आम्ही प्रवासी लक्ष देतो, आणि तिला काय पाहिजे ते शोधत घरभर फिरतो.

न शोधता ज्याला कळायचं असं माणूस घरात एकच होतं, माझी थोरली. ती एका दवाखान्यात रिसेप्शनवर बसायची. संध्याकाळी ती यायच्या वेळेला धाकटी दारात जाऊन दोन्ही हात पुढे करून उभी राहायची. थोरली चप्पल काढायच्या आधी ते हात धरायची आणि मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत असे रगडायची, जशी काही भाकरीचं पीठ मळतेय. धाकटीचे खांदे खाली यायचे. मग दोघी फरशीवर बसून एकमेकींशी एक अक्षर न बोलता खायच्या. मी तसंच करून बघितलं नसेल असं वाटतं का तुम्हाला? मी हात धरला की ती काढून घेते. माझ्या हाताला काय काटे आहेत?

आणि ह्या थोरलीचं लग्न ठरलं.

स्थळ जेऊरचं होतं. मुलाचं शेतीच्या औषधांचं दुकान, घरची केळी, माणसं साधी. बघायच्या कार्यक्रमात आम्ही धाकटीला आतल्या खोलीत बसवलं होतं. लपवलं नव्हतं, फक्त आतल्या खोलीत बसवलं होतं. दोघांना बोलायला गच्चीवर पाठवलं तेव्हा थोरलीनं त्याला पहिलंच वाक्य सांगितलं म्हणे, "माझी बहीण अशी अशी आहे, आणि माझ्या लग्नात करवली तीच होणार." तो म्हणाला, "बरं." ह्या 'बरं'चा अर्थ लावण्यात माझे कितीतरी दिवस गेले. बरं म्हणजे हो? बरं म्हणजे बघू? थोरली म्हणाली, "आई, बरं म्हणजे बरं."

करवली म्हणजे नवरीची पाठराखण. अंतरपाट धरला, मंगलाष्टका सुरू झाल्या, की नवरीच्या पाठीशी दिवा घेऊन उभी राहायचं. सख्खी बहीण असली तर तो मान तिचा, त्यात विचारायचं काही नसतं. तरी विचारणारे असतातच. माझ्या नणंदबाई मैंदर्गीजवळच्या खेड्यात असतात, शेरडं-मेंढरं आहेत, मोठा संसार आहे, आणि तोंडावर बोलायची सवय आहे. त्या तुपाची बरणी घेऊन आल्या आणि बरणी खाली ठेवायच्या आत म्हणाल्या, "करवली कोण हाय?"

"सख्खी बहीण असताना कोण म्हणजे काय, आत्या?" थोरली म्हणाली.

वन्सं माझ्याकडे वळल्या. "आगं, हिला गर्दी सोसत न्हाय म्हणून तूच सांगतीस. तितं बँड वाजणार, फटाकं उडणार, एवढी माणसं अक्षता टाकणार. ही मदीच कानावर हात ठिवून खाली बसली तर दिवा कुटं जाईल? शकुनाचा दिवा असतुय त्यो. त्यापरीस माझी पोरगी हुबी ऱ्हाईल की."

मला असा संताप आला! कारण त्यांनी बोललेला शब्द न्‌ शब्द माझ्याच मनातला होता.

"दुसरी कुणी दिवा घेऊन उभी राहिली तर मी बोहल्यावर चढणार नाही," थोरली म्हणाली.

"अय्यो! बघा ही पोरगी," वन्सं म्हणाल्या आणि तूप द्यायचं विसरून बरणी पुन्हा पिशवीत ठेवायला लागल्या.

मी कुणाच्या बाजूची होते, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. धाकटीला तिथं उभं करायचं ते कुणासाठी? तिच्यासाठी, की आमची पोरगीही चारचौघींसारखी आहे हे जेऊरच्या लोकांना दाखवण्यासाठी? आणि तिला न नेता घरी ठेवलं, तर सख्ख्या बहिणीच्या लग्नात ही कुठं होती म्हणून पुढं फोटो बघताना मी काय सांगणार? तिलाच विचारू म्हटलं. थोरलीनं फोनवर एका लग्नातला करवलीचा फोटो काढून तिच्यापुढे धरला. धाकटीनं दिव्याच्या ज्योतीवर बोट ठेवलं.

"बघ, हो म्हणाली."

"कुठं हो म्हणाली?"

"दिव्यावर बोट ठेवलं की!"

ती ट्यूबलाइटच्या बटणावरही बोट ठेवते. पण थोरलीपुढे कुणाचं चाललंय?

धाकटीला ज्या केंद्रावर नेतो तिथल्या मॅडम तरुण आहेत, गोड बोलतात आणि मुद्द्याचं बोलतात. त्यांनी सांगितलं, तिला सगळं आधी दाखवा. काय होणार, कशाच्या नंतर काय होणार, आणि कधी संपणार. संपणार आहे हे कळलं की ती खूप काही सोसते. म्हणून शेवटी नेहमी एकच शब्द वापरा. 'संपलं.' तो ऐकला की तिची सुटका.

मग आमच्या घरात रोज संध्याकाळी लग्न लागायला लागलं. आधी फोटो काढले. थोरली माझी जुनी साडी नेसून हार घालून उभी, तो एक. तिच्या मागे दिवा घेतलेली धाकटी. मी अक्षता टाकतेय. सगळे टाळ्या वाजवतायत. आणि शेवटचा फोटो, दोघी बहिणी फरशीवर बसून वाटीतला शिरा खातायत. हे फोटो ह्याच क्रमानं फ्रिजच्या दारावर चिकटवले. मॅडमना दाखवले, त्या म्हणाल्या, छान झालेत.

पहिल्या दिवशी खरा तेलाचा दिवा दिला तर तिनं ज्योत चिमटीत धरायला बोटं नेली. म्हणून आमचे हे नव्या पेठेतून सेलवर चालणारा प्लास्टिकचा दिवा घेऊन आले. बटण दाबलं की लुकलुकतो. धाकटीला तो फार आवडला. अक्षतांचं मात्र अवघड होतं. तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून बसायला हिला आवडतं, पण एक दाणा मानेवर पडला की किंकाळी. हे कुठलं गणित? मी शिवणकाम करते, शाळेच्या गणवेशांचं. सोलापुरात त्या कामाला तोटा नाही. मी तिच्यासाठी बंद गळ्याचा ब्लाऊज शिवला, शिवणी सगळ्या बाहेरच्या बाजूला घेतल्या, आत जुन्या धुतलेल्या लुगड्याचं अस्तर लावलं. तिनं तो घातला आणि दिवसभर काढला नाही. माझ्या हातचं काहीतरी तिला सोसलं म्हणून मी त्या दिवशी उगाचच गाणं गुणगुणत होते.

रोजचा कार्यक्रम ठरलेला. हे चिंचोळी एमआयडीसीतून शिफ्ट संपवून यायचे, हातपाय धुवायचे आणि भटजी व्हायचे. फोनवर मोठ्यांदा मंगलाष्टका. धाकटी कानांवर आवाज अडवणारे मोठे निळे हेडफोन चढवून दिवा घेऊन थोरलीच्या मागे. शेवटचं 'सावधान' झालं की मी तांदूळ टाकायची, आधी चार दाणे पायाशी, मग जरा वर, मग मूठभर. हे पितळी ताट पळीनं बडवायचे. आणि मग मी ओरडायची, "संपलं!" हेडफोन खाली, दिवा बंद, दोघी शिरा खायला फरशीवर. लग्न जवळ येईपर्यंत ह्यांचं पोट शर्टाबाहेर यायला लागलं होतं. धाकटी तर संध्याकाळ झाली की आपणच दिवा घेऊन मागांच्या भिंतीपाशी उभी राहायची. मला अभिमानही वाटायचा आणि संशयही यायचा. इतकं सोपं आमच्या घरात कधी काही झालेलं नाही.

लग्नाच्या दिवशी अक्कलकोट रोडच्या कार्यालयात मी सगळ्यात आधी बँडवाल्यांना गाठलं. त्यांचा म्होरक्या छातीवर हात ठेवून म्हणाला, "फिकर नक्को करो बाजी, एकदम हल्लू बजाते." त्यांचं हल्लू म्हणजे काय ते पुढे कळलंच.

मग वन्सं आल्या, आणि त्यांच्यामागे कुंकवानं लाल केलेल्या ज्वारीच्या टोपल्या.

"हे काय?"

"अक्षता की गं. आपल्यात जवारीच्याच अस्त्यात, तुला ठावं न्हाय व्हय? तुज्या लग्नात काय टाकलं हुतं?"

माझ्या लग्नात ज्वारीच टाकली होती. मला चांगली आठवली, केसांतून दोन दिवस निघत होती. आणि इतके दिवस मी घरात तांदूळ उधळत बसले होते! ज्वारीचा दाणा गोल, टणक, जोरात लागणारा. आता ह्या वेळेला तांदूळ कुठून आणू? मी वन्संवर ओरडले, ह्यांच्यावर ओरडले, आणि रडायचीच बाकी होते. तेवढ्यात धाकटी पुढे झाली आणि तिनं टोपलीत कोपरापर्यंत हात घातला. तशीच थांबली. डोळे अर्धे मिटले. वन्सं बघत राहिल्या. मग त्यांनी टोपली तिच्याकडे आणखी सरकवली.

आणि ती उभी राहिली. अंतरपाट धरला, मंगलाष्टका सुरू झाल्या, माइक मधूनच किंचाळला, ती उभी. मागून कुणीतरी म्हणालं, करवलीच्या कानावर हे काय डबडं, आणि दिवा सेलचा? वन्संनी मागे वळून असं बघितलं की तो माणूस खुर्चीत मागे सरकला. 'सावधान' झालं. ज्वारीचा मारा झाला, फटाके फुटले, बँड असा पेटला की माझ्या छातीत धडधडायला लागलं. धाकटीचे खांदे कानापर्यंत गेले, डोळे गच्च मिटलेले, ओठ हलत होते. पण हातातला दिवा सरळच्या सरळ.

"हुबी ऱ्हायली की गं!" वन्सं माझा दंड धरून रडत होत्या. मीही रडत होते. इतकी खूश मी माझ्या स्वतःच्या लग्नात नव्हते.

त्यानंतर मी विसरले. सगळेच विसरले. विहीणबाईंचा मान, जेवणाच्या पंगती, आहेर, फोटो. बराच वेळ गेला असेल. विहीणबाईंना जिलबी वाढता वाढता मी सहज वर बघितलं, तर स्टेजवर धाकटी तिथल्या तिथं उभी. कानांवर हेडफोन, हातात पेटलेला दिवा. तेलाचा असता तर एव्हाना विझला असता. हा सेलचा, लुकलुकतोय आपला. मला एकदम उमगलं, तिला 'संपलं' कुणी सांगितलंच नाही. सांगणार कोण? ते काम माझं होतं.

मी धावत गेले. ती माझ्या तोंडाकडे बघायला लागली. ती कुणाच्या चेहऱ्याकडे बघत नाही, पण त्या वेळी ती नेमकी माझ्या ओठांकडे बघत होती. मी तोंड उघडलं. आणि तिच्या खांद्यावरून मला थोरली दिसली. सासरकडच्या बायका तिची नवी साडी सारखी करत होत्या, खाली गाडीत तिच्या बॅगा चढत होत्या. आणि माझ्या डोळ्यांपुढे फ्रिजवरचा शेवटचा फोटो आला. संपलं, की थोरली हिच्याशेजारी बसून शिरा खाते. आम्ही रोज हेच दाखवलं होतं. आज संपलं, की थोरली जेऊरला जाणार होती. त्याचा फोटो कुणी काढला नव्हता. माझ्या डोक्यात आलं नाही, ह्यांच्या आलं नाही, मॅडमच्या नाही, खुद्द थोरलीच्या नाही. बँडची तयारी केली, फटाक्यांची केली, अक्षतांच्या एकेका दाण्याची केली. लग्न म्हणजे मुलगी घरातून जाणार, एवढी एकच गोष्ट आम्ही तिला सांगितली नव्हती.

मी तोंड मिटलं.

थोरली आली. तिनं दिव्यासकट धाकटीचे हात आपल्या मेंदीच्या हातांत दाबून धरले. मग माझ्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. तिलाही त्याच क्षणी कळलं असावं.

"आई, हिला सांगितलंय का कुणी?"

"काय?"

"मी जाते म्हणून."

"तू सांग."

"नाही आई, तू सांग ना."

दोघींपैकी कुणीही सांगितलं नाही.

पाठवणीला सगळे रडायला लागले. बायका, वन्सं, हे, एवढंच काय, बँडवालाही डोळे पुसत होता. माणसं अशी का करतायत ते धाकटीला कळत नसावं. ती थोरलीच्या मागोमाग दिवा घेऊन पायऱ्या उतरली. तिची जागा थोरलीच्या पाठीमागे, इतके दिवस हेच शिकवलं होतं. थोरली गाडीत बसली. तेव्हा ही चालत गाडीला वळसा घालून गेली आणि गाडीच्या मागे, डिकीपाशी, दिवा धरून उभी राहिली. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. ती हलेना. कुणीतरी तिला दंडाला धरून ओढलं, आणि ती मोठ्यांदा म्हणाली, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे!" वऱ्हाडातली पोरं हसली. मी त्यांना काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. शेवटी ह्यांनी तिला बाजूला घेतलं, गाडी गेली.

घरी येऊन तिनं वाट्या काढल्या, दोन. मागांच्या भिंतीपाशी दिवा घेऊन उभी राहिली. मी शिरा केला. तिनं त्याला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, आणि मग तिनं जेवणच टाकलं. कडक भाकरीचा तुकडा तेवढा कुरतडायची. संध्याकाळी दारात जाऊन दोन्ही हात पुढे करून उभी राहायची. मी ते हात धरले, तिनं काढून घेतले. मी पुन्हा धरले, ती न्हाणीघरात जाऊन बसली. ब्लाऊज तिच्या अंगावर सैल दिसायला लागला, आणि तो मीच मापात शिवलेला होता. मला भीती वाटायला लागली, अशी की काम करता करता सुई तशीच धरून बसायची.

"अगं, एकदा संपलं म्हणून टाक की तिला," हे म्हणाले.

"तुम्ही म्हणा! तुम्ही भटजी होता ना?"

ते जेवणाचा डबा न घेताच शिफ्टला गेले. व्हिडिओ कॉल करून बघितला. धाकटीनं फोनमधल्या थोरलीकडे बघितलं, मग फोन उलटा करून त्याच्या मागे बघितलं, आणि परत माझ्या हातात दिला. मॅडम म्हणाल्या, सासरचे फोटो मागवा, ते पुढे जोडा, अजून उशीर झालेला नाही. थोरलीनं फोटो पाठवले. जेऊरच्या घराचं दार, चूल, तिची खोली. मी ते शिऱ्याच्या फोटोच्या पुढे चिकटवले. सकाळी बघते तर धाकटीनं शिऱ्याचा फोटो मधून काढून अगदी शेवटी लावला होता, जेऊरच्या खोलीच्याही नंतर. म्हणजे काय समजायचं? तिकडून येऊन मग शिरा? की तिला फक्त शिरा शेवटी बघायची सवय झालीय? मी त्या फ्रिजसमोर उभी राहून दूध उतू घालवलं.

लग्नानंतर नवरी मांडव परतायला माहेरी येते, तशी थोरली आली, जावयांबरोबर, सकाळच्या गाडीनं. मला वाटलं होतं धाकटी धावत जाईल. ती थोरलीला बघून सरळ आतल्या खोलीत गेली. थोरलीचं तोंड एवढंसं झालं. मग धाकटी बाहेर आली. कानांवर हेडफोन, हातात दिवा. थोरलीच्या खांद्याची पिशवी अजून खांद्यावरच होती. ही तिच्यामागे जाऊन उभी राहिली आणि थांबली.

मग ह्यांनीच घसा साफ केला आणि फोनबिन न लावता, आपल्या भसाड्या आवाजात, आठवतील तेवढ्या मंगलाष्टका म्हटल्या. अर्ध्या ओळी चुकीच्या. 'सावधान' म्हणताना त्यांचा आवाज फाटला. मी डब्यातून मूठभर ज्वारी घेतली आणि टाकली. जावयांना काही कळत नव्हतं, पण त्यांनी टाळ्या वाजवल्या, जोरजोरात. धाकटीनं माझ्या ओठांकडे बघितलं.

"संपलं," मी म्हणाले.

तिनं बटण दाबून दिवा बंद केला. हेडफोन काढले. फरशीवर बसली आणि दोन्ही हात पुढे केले. थोरलीनं पिशवी टाकून ते हात धरले आणि रगडले. शिरा तयार नव्हता. मी रवा भाजायला घेतला, तर मला कढई दिसेना इतके डोळे भरलेले. त्या दिवशी धाकटीनं दोन वाट्या शिरा खाल्ला. थोरलीचं लग्न आमच्या हिशोबानं केव्हाच लागलं होतं, तिच्या हिशोबानं ते त्या सकाळी लागलं.

पण मांडव परतणं म्हणजे परत जाणंही आलंच. दोन दिवसांनी दारात रिक्षा उभी राहिली तेव्हा आम्ही सगळे धाकटीकडे बघत होतो. ह्या वेळी थोरलीनं तिला सांगितलं होतं, जेऊरच्या दाराच्या फोटोवर बोट ठेवून, पुन्हा पुन्हा. तिनं ऐकलं का, काय ऐकलं, देव जाणे. थोरली रिक्षात बसली. धाकटी घरातून आली, हातात हेडफोन. रिक्षाच्या मागे गेली नाही. पुढून आली आणि थोरलीच्या समोर उभी राहिली.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे," ती म्हणाली.

ह्या वेळी कुणी हसलं नाही. तिनं ते हेडफोन थोरलीच्या कानांवर चढवले, गजऱ्यावरून, वाकडेतिकडे, आणि दोन्ही बाजूंनी हातांनी गच्च दाबले. रिक्षा सुरू झाली तशी तिनं स्वतःच्या कानांवर हात ठेवले आणि घरात गेली. मी आत जाऊन बघितलं, ती मागांच्या भिंतीला गाल लावून उभी होती.

मी अजून विचार करते. बाहेर आवाज फार असतो, थोरलीला हेडफोन लागतील, असं तिच्या मनात आलं? की जो कार्यक्रम संपला त्याची वस्तू तिनं परत केली? मॅडम एक सांगतात, वन्सं दुसरंच सांगतात, थोरली फोनवर काही सांगतच नाही, नुसती रडते. मला कळत नाही. मी दुकानातून तसेच निळे नवे हेडफोन आणले, ती त्यांना हात लावत नाही. मिक्सर लावायच्या आधी मी तिला सांगते, आणि ती दोन्ही कान हातांनी दाबून न्हाणीघरात जाऊन बसते. ते हेडफोन जेऊरला थोरलीच्या खोलीत खुंटीला टांगलेले आहेत. धाकटीकडे ते एकच होते.